आयपीवरून नाव: रिव्हर्स झोन उभारायचा कसा आणि तो अडतो कुठे

लॉगमध्ये दिसतं की पहाटे अडीच वाजता १९२.१६८.१०.२५ या पत्त्यावरून चाळीस वेळा चुकीचा पासवर्ड टाकला गेला. हा पत्ता कुणाचा? अकाउंट्सचा पीसी, मीटिंग रूममधला टीव्ही, की जिन्यातला कॅमेरा? नेटवर्कवर रिव्हर्स झोन नीट भरलेला असेल तर एका कमांडमध्ये ‘कॅमेरा-जिना’ असं उत्तर मिळतं. नसेल तर डीएचसीपीची (मशीनांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेची) यादी, स्विचमधले मॅक पत्ते आणि कुणीतरी कधीकाळी केलेली एक्सेल शीट, अशी शोधाशोध सुरू होते.

डीएनएस एरवी नावावरून पत्ता सांगतं, त्यासाठी ए रेकॉर्ड असतो. पत्त्यावरून नाव सांगायला पीटीआर रेकॉर्ड लागतो, आणि पीटीआर ज्या झोनमध्ये (एका सर्व्हरच्या ताब्यातल्या नावांच्या तुकड्यात) राहतात तो रिव्हर्स झोन. ए रेकॉर्ड भरले की उलटी दिशा सर्व्हर आपोआप शोधून देईल, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. सर्व्हर ए रेकॉर्ड चाळत बसत नाही. विचारलेलं नाव आपल्याकडे आहे की नाही, एवढंच तो बघतो. १९८७ च्या डीएनएस मानकात ‘उलटी विचारणा’ नावाचा प्रकार होता खरा, पण त्यात सर्व्हर फक्त स्वतःकडची माहिती बघायचा, पुढे कुणाला विचारायची सोय नव्हती. तो फारसा कुणी वापरला नाही आणि २००२ मध्ये तो रीतसर मोडीत काढला गेला.

प्रत्यक्षात चालतं ते असं: पत्त्यालाच एक नाव करून टाकायचं आणि मग ते नाव नेहमीच्या पद्धतीने शोधायचं. १९२.१६८.१०.२५ चं नाव होतं २५.१०.१६८.१९२.इन-ॲडर.आर्पा. (इथे सगळं देवनागरीत लिहिलं आहे, फाइलमध्ये आणि कमांडमध्ये अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन आकडे.) आकडे उलटे का? डोमेन नावात उजवीकडे मोठं क्षेत्र असतं आणि डावीकडे जाल तसं ते लहान होत जातं. आयपी पत्त्यात नेमकं उलट, डावीकडचा आकडा मोठं नेटवर्क सांगतो आणि उजवीकडचा एकच मशीन. पत्ता उलटा केला की दोन्हींची दिशा जुळते आणि झाडाची एखादी फांदी दुसऱ्याकडे सोपवता येते. डीएनएसमध्ये या सोपवण्याला डेलिगेशन म्हणतात. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात, कारण फॉरवर्ड झोन (नावावरून पत्ता देणारा) ज्याचं डोमेन त्याचा असतो आणि रिव्हर्स झोन ज्याचा पत्ता त्याचा. दोन झोन, दोन मालक. ते एकच माणूस असतील असं नाही.

आधी ठरवा: झोन किती आणि कुठवर

ऑफिसच्या आत वापरायचे खासगी पत्ते तीन गटांत येतात: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. यांचा इंटरनेटवर कुणी मालक नाही, म्हणून आपल्या नेटवर्कपुरते आपणच मालक. कुणाची परवानगी लागत नाही.

डेलिगेशन फक्त टिंबावर होतं. म्हणजे आयपीव्ही४ चा रिव्हर्स झोन सोयीने तोडता येतो तो ८, १६ किंवा २४ बिटांवर. तुमच्या राउटरवरचा मास्क (पत्त्यातले किती बिट नेटवर्कचे ते) २२ असो नाहीतर २६, झोनला त्याच्याशी देणंघेणं नाही. १०.२०.४.० या २२ बिटांच्या नेटवर्कमध्ये १०.२०.४ पासून १०.२०.७ पर्यंत चार तुकडे येतात. त्यांचे चार वेगळे झोन करा किंवा २०.१०.इन-ॲडर.आर्पा असा एकच करा. उलटपक्षी एका २४ चे २६ च्या मास्कने चार व्हीलॅन (वेगळी छोटी नेटवर्क) पाडले असतील, तरी झोन एकच पुरतो.

एकच माणूस किंवा एकच टीम सगळं सांभाळत असेल तर मोठा झोन घ्यावा. १६८.१९२.इन-ॲडर.आर्पा एकदा केला की उद्या १९२.१६८.३० सुरू झालं तरी नव्या झोनची आठवण ठेवावी लागत नाही. पण मोठा झोन घेतला की तुमचा सर्व्हर त्या सगळ्या पट्ट्याचा अधिकारी बनतो. व्हीपीएनच्या पलीकडच्या शाखेत १९२.१६८.५० असेल आणि त्याचे पीटीआर तिथल्या सर्व्हरवर असतील, तर तुमचा सर्व्हर त्या शाखेला विचारायला जाणारच नाही. ‘असं नाव अस्तित्वात नाही’ म्हणून ठाम सांगून मोकळा होईल. अशा वेळी ५० या फांदीसाठी एनएस रेकॉर्ड (तिचा सर्व्हर कोणता ते सांगणारा) टाकून ती शाखेच्या सर्व्हरकडे सोपवावी लागते.

१७२ च्या गटात एक खड्डा आहे. १६ ते ३१ हे सोळा आकडे एका झोनमध्ये बसत नाहीत, म्हणून १६.१७२ पासून ३१.१७२ पर्यंत, त्यातले जे वापरात असतील ते, वेगवेगळे झोन करावे लागतात. कंटाळा करून १७२.इन-ॲडर.आर्पा असा एकच झोन केला, तर १७२ ने सुरू होणाऱ्या बाकीच्या सार्वजनिक पत्त्यांचीही उत्तरं तुमचाच सर्व्हर द्यायला लागतो, आणि ती सगळी नकारार्थी. अशी चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

बाइंडमध्ये झोन

बाइंड या डीएनएस सर्व्हरवर १९२.१६८.१० साठी झोन करायचा आहे असं धरू. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये झोनचं नाव १०.१६८.१९२.इन-ॲडर.आर्पा, प्रकार प्रायमरी (जुन्या आवृत्त्यांत मास्टर), फाइलचं नाव, आणि झोनची नक्कल कोणत्या सर्व्हरला द्यायची ते लिहायचं. झोनच्या नावात तीनच आकडे असतात, शेवटचा नाही, आणि तेही उलटे. इथे १९२.१६८.१० असं सुलटं लिहिलं तरी बाइंड तक्रार करत नाही. त्याच्या दृष्टीने तेही वैध नाव आहे. झोन सुखेनैव लोड होतो आणि त्याला कधीही कुणी काही विचारत नाही.

झोनची फाइल साधारण अशी दिसते:

$टीटीएल ८६४००
@ आयएन एसओए एनएस१.ऑफिस.एक्झाम्पल.कॉम. होस्टमास्टर.एक्झाम्पल.कॉम. ( २०२५०६०१०१ ७२०० ९०० १२०९६०० ३६०० )
@ आयएन एनएस एनएस१.ऑफिस.एक्झाम्पल.कॉम.
२ आयएन पीटीआर एनएस१.ऑफिस.एक्झाम्पल.कॉम.
२५ आयएन पीटीआर कॅमेरा-जिना.ऑफिस.एक्झाम्पल.कॉम.

टीटीएल म्हणजे उत्तर इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवावं ते, आणि एसओए ही झोनची मुख्य नोंद. तिच्या कंसातले पाच आकडे क्रमाने सीरियल, रिफ्रेश, रिट्राय, एक्स्पायर आणि नकाराची मुदत. सीरियल तारखेवरून लिहायची पद्धत आहे: वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला कितवा बदल. पुढचे आकडे सेकंदांत. दुय्यम (झोनची नक्कल ठेवणाऱ्या) सर्व्हरने दर दोन तासांनी चौकशी करावी, जमलं नाही तर १५ मिनिटांनी पुन्हा, आणि १४ दिवस संपर्कच झाला नाही तर उत्तरं देणं थांबवावं. शेवटचा ३६०० म्हणजे ‘नाव नाही’ हे उत्तर इतरांनी किती वेळ लक्षात ठेवावं ते. हा आकडा मोठा ठेवू नका. मोठा असेल तर तुम्ही पीटीआर टाकता, आणि ज्याने कालच विचारून ‘नाही’ ऐकलंय त्याला आजही ‘नाही’च ऐकू येत राहतं. एक तास ठीक आहे.

आता शेवटच्या ओळीच्या उजव्या टोकाकडे बघा. ‘कॉम’ नंतर एक टिंब आहे. ते टिंब म्हणजे ‘नाव इथे संपलं, पुढे काही जोडू नकोस’. ते राहिलं तर बाइंड ते नाव अर्धवट समजतो आणि मागे झोनचं नाव चिकटवतो. मग १९२.१६८.१०.२५ चं नाव निघतं कॅमेरा-जिना.ऑफिस.एक्झाम्पल.कॉम.१०.१६८.१९२.इन-ॲडर.आर्पा. रिव्हर्स झोनमध्ये सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. चेकझोन या बाइंडच्या तपासणीच्या साधनालाही ती सापडत नाही. एनएसच्या ओळीत टिंब सुटलं तर चेकझोन ओरडतो, कारण ते नाव त्याच झोनच्या आत पडतं आणि त्याला पत्ता नसतो. पीटीआरच्या ओळीत सुटलं तर त्याच्या लेखी सगळं आलबेल. म्हणून रिव्हर्स झोन तपासताना चेकझोनच्या ‘ओके’वर विसंबू नका, प्रत्यक्ष विचारणा करून आलेलं नाव शेवटपर्यंत वाचा.

डावीकडे मात्र टिंब नको. २५ च्या मागे झोनचं नाव जोडलं जायलाच हवं आहे. आणि तुम्ही १६८.१९२ असा मोठा झोन घेतला असेल तर डावीकडे दोन आकडे येतात, तेही उलटे: २५.१०, म्हणजे आधी मशीन आणि मग नेटवर्क. इथे हात सवयीने १०.२५ लिहून जातो, आणि मग १९२.१६८.२५.१० या भलत्याच पत्त्याला कॅमेऱ्याचं नाव मिळतं.

डीएचसीपीच्या पूलमधल्या पत्त्यांना एकेक ओळ लिहायची गरज नाही. बाइंडच्या $जनरेट या निर्देशाने १०० ते १९९ पर्यंतचे पीटीआर एका ओळीत तयार होतात, डीएचसीपी-१००, डीएचसीपी-१०१ अशा नावांनी. फॉरवर्ड झोनमध्येही तशीच एक ओळ टाका, म्हणजे दोन्ही दिशा जुळतील. नावावरून मशीन कळणार नाही, पण पत्ता पूलमधला आहे एवढं कळतं.

बदल केल्यावर क्रम ठरलेला: सीरियल वाढवा, कॉन्फिग तपासणारं चेककॉन्फ चालवा, चेकझोनला झोनचं नाव आणि फाइल द्या, मग आरएनडीसीने (बाइंडला हुकूम देणाऱ्या कमांडने) रीलोड. सीरियल वाढवायचं विसरलात तर मुख्य सर्व्हर नवं उत्तर देतो आणि दुय्यम सर्व्हर जुनंच, मग कुणाला दिसतं, कुणाला नाही. झोन आपोआप अपडेट होणारा असेल तर फाइल हाताने उघडण्याआधी आरएनडीसी फ्रीझ आणि नंतर थॉ करावं लागतं. ते न करता बदल केला तर फाइल आणि तिच्या शेजारची जर्नल फाइल (आपोआप झालेल्या बदलांची) यांचा मेळ बसत नाही, आणि पुढच्या रीलोडला झोन लोडच होत नाही.

विंडोज सर्व्हरवर

इथे टिंबांची भानगड नाही, विझार्ड सगळं करतो. डीएनएस मॅनेजरमध्ये रिव्हर्स लुकअप झोन्सवर उजवी क्लिक करून न्यू झोन, प्रकार प्रायमरी, डोमेन कंट्रोलर असेल तर झोन ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ठेवण्याची खूण तशीच राहू द्या. पुढे आयपीव्ही४ निवडा आणि नेटवर्क आयडीत १९२.१६८.१० सुलटंच लिहा. चौथा रकाना रिकामा. खाली उलटं नाव आपोआप तयार झालेलं दिसतं. डायनॅमिक अपडेट ‘फक्त सिक्युअर’ ठेवा.

झोन तयार होतो तेव्हा रिकामा असतो, आणि इथे बरेच जण गोंधळतात. आधीपासून असलेल्या ए रेकॉर्डांचे पीटीआर मागे जाऊन कुणी बनवत नाही. नवा ए रेकॉर्ड टाकताना पीटीआरही करण्याची चौकट असते, ती झोन आधी असेल तरच कामाची. जुन्या रेकॉर्डांसाठी ते एकेक उघडून तीच खूण द्यावी, किंवा मशीनवर आयपीकॉन्फिगची रजिस्टर-डीएनएस कमांड चालवावी. नाहीतर थांबा: विंडोज मशीन साधारण दर २४ तासांनी स्वतःची नोंद पुन्हा करतं. प्रिंटर, स्विच आणि कॅमेरे मात्र सहसा नोंद करत नाहीत, ते हातानेच भरायचे.

विंडोजवर काम करणाऱ्या प्रत्येकाने एन-एस-लुकअप उघडल्या उघडल्या ‘डीफॉल्ट सर्व्हर: अननोन’ असं पाहिलेलं असतं. ती बिघाडाची खूण नाही. त्या साधनाने सुरू होताच डीएनएस सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्याचं नाव विचारलं आणि त्याला पीटीआर मिळाला नाही, एवढंच. सर्व्हरचा पीटीआर टाकला की तिथे नाव येतं. झोन चालतोय की नाही हे बघायची ही फुकटची चाचणी आहे.

डीएचसीपी आणि शिळे पीटीआर

रिव्हर्स झोन उभारणं सोपं, ताजा ठेवणं अवघड. विंडोजमध्ये मूळ मांडणी अशी असते की ए रेकॉर्ड मशीन स्वतः नोंदवतं आणि पीटीआर डीएचसीपी सर्व्हर नोंदवतो. लॅपटॉप निघून गेला, त्याचा पत्ता दुसऱ्याला मिळाला, पण जुना पीटीआर पुसला गेला नाही, की एका पत्त्याला दोन नावं होतात. मग लॉगमध्ये कधी एक नाव येतं, कधी दुसरं. चुकीचं नाव हे नाव नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस भलत्याच टेबलापाशी जाऊन उभा राहतो.

यावर उपाय म्हणजे स्कॅव्हेंजिंग, शिळ्या नोंदी काढून टाकणं. ते मुळात बंद असतं, आणि चालू करायचं तर दोन ठिकाणी करावं लागतं: झोनवर आणि सर्व्हरवर. एकाच ठिकाणी केलं तर काहीच होत नाही. मूळ मुदती सात अधिक सात दिवसांच्या असतात. लीज (पत्ता वापरायला दिल्याची मुदत) आठ तासांची आणि शिळी नोंद निघायला चौदा दिवस, हा मेळ बसत नाही. लीज लहान असेल तर मुदतीही कमी करा. दोन डीएचसीपी सर्व्हर असतील तर दोघांना नोंदीसाठी एकच वेगळं खातं द्या; नाहीतर एकाने केलेली नोंद दुसऱ्याला बदलता येत नाही, कारण ती ‘त्याची’ नसते.

लिनक्सवर केआ हा डीएचसीपी सर्व्हर वापरत असाल तर डीएनएसच्या नोंदी करणारी प्रक्रिया वेगळी चालते, आणि तिला फॉरवर्ड व रिव्हर्स दोन्ही झोनांत लिहायचा अधिकार किल्लीसकट द्यावा लागतो. बऱ्याचदा तो फक्त फॉरवर्डला दिला जातो. मग ए रेकॉर्ड येत राहतात, पीटीआर एकही नाही, आणि कारण बाइंडच्या लॉगमध्ये ‘रिफ्यूज्ड’ म्हणून पडलेलं असतं. लहान नेटवर्कला याची काहीच गरज नाही. डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस-डीएचसीपी सर्व्हर होस्ट्स फाइलमधल्या आणि स्वतः दिलेल्या लीजमधल्या नावांची उलटी उत्तरं आपसूक देतो. झोनची फाइल लिहावीच लागत नाही.

झोन आहे, पण त्याला विचारतंय कोण?

झोन बरोबर, नोंदी बरोबर, तरी उत्तर नाही. अशा वेळी मशीन मुळात कुणाला विचारतंय ते बघा. मशीन रिझॉल्व्हरला (त्याच्यासाठी उत्तर शोधून आणणाऱ्या सर्व्हरला) विचारतं, आणि रिझॉल्व्हर वेगळा असेल तर त्याला तुमच्या झोनचा पत्ताच माहीत नसतो. शिवाय खासगी पत्त्यांचे प्रश्न इंटरनेटवर जाऊ नयेत म्हणून २०११ च्या आरएफसी ६३०३ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) ने ठरवून दिलं की रिझॉल्व्हरने त्यांना स्वतःच ‘नाही’ म्हणावं. अनबाउंड हा रिझॉल्व्हर तसंच करतो. म्हणून त्यात दोन गोष्टी लागतात: त्या झोनसाठी ‘नोडीफॉल्ट’ लिहून हा अंगभूत नकार उठवायचा, आणि स्टब झोन लिहून प्रश्न तुमच्या सर्व्हरकडे वळवायचा. पहिली राहिली तर दुसरी असून नसल्यासारखी. डीएनएसमास्कमध्ये रेव्ह-सर्व्हर या एका ओळीत नेटवर्क आणि सर्व्हर दिला की काम होतं. पत्ताही सुलटाच लिहायचा.

हा नकार नसेल तर तुमच्या आतल्या पत्त्यांची विचारणा बाहेर पडते. तिच्यासाठी इंटरनेटवर एएस११२ नावाचे सर्व्हर जगभर ठेवलेले आहेत, ज्यांचं कामच खासगी पत्त्यांच्या प्रश्नांना ‘काही नाही’ म्हणणं हे आहे.

तपासायला डिग हे साधन हातात असावं. डिग, मग -एक्स, मग सुलटा पत्ता. उलटं नाव तेच बनवतं. पीटीआर आला तर प्रश्न मिटला. ‘एनएक्सडोमेन’ (असं नाव नाही) आलं तर खालच्या ऑथॉरिटी विभागातला एसओए वाचा, कारण नकार कुणी दिला ते तिथे लिहिलेलं असतं. तुमच्या एनएस१ चं नाव असेल तर प्रश्न योग्य जागी पोचला आणि फक्त नोंद नाही. ‘लोकलहोस्ट’ आणि ‘नोबडी.इनव्हॅलिड’ दिसलं तर अनबाउंडने स्वतःच हात झटकले. ‘प्रिझनर.आयाना.ऑर्ग’ दिसलं तर प्रश्न बाहेर जाऊन एएस११२ ला भेटून आला. ‘सर्व्हफेल’ आलं तर झोन लोड झालेला नाही किंवा डेलिगेशन तुटलं आहे. मग @ लावून थेट तुमच्या सर्व्हरचा पत्ता द्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. थेट उत्तर येतं आणि एरवी येत नाही, तर दोष मधल्या रिझॉल्व्हरचा किंवा त्याने लक्षात ठेवलेल्या जुन्या नकाराचा.

नकार आणि शांतता यांत फरक आहे, आणि तो वापरणाऱ्यांना जाणवतो. एसएसएचने (दूरच्या मशीनवर) लॉगिन करताना पासवर्ड विचारायला दहा-वीस सेकंद लागत असतील तर पहिला संशय रिव्हर्स डीएनएसवर घ्या. समोरचा सर्व्हर तुमच्या पत्त्याचं नाव विचारत असतो आणि कुणी उत्तरच देत नाही. लिनक्सवर मुळात एका प्रयत्नाला ५ सेकंद आणि दोन प्रयत्न. दोन नेमसर्व्हर लिहिलेले असतील तर वीस सेकंद झाले. ‘नाही’ असं स्पष्ट उत्तर मात्र क्षणात येतं. त्यामुळे एकही पीटीआर नसलेला रिकामा रिव्हर्स झोनसुद्धा उपयोगी आहे. ओपनएसएसएचने २०१५ मधल्या ६.८ आवृत्तीपासून ही विचारणा मुळात बंद ठेवली, पण जुन्या उपकरणांत ती अजून भेटते. केर्बेरोस (तिकिटांवर चालणारी लॉगिनची पद्धत) वापरणाऱ्यांनी आणखी जपावं. एमआयटीच्या केर्बेरोसमध्ये आर-डीएनएस मुळात चालू असतं, म्हणजे सर्व्हरचं नाव पीटीआरवरून ठरवलं जातं. पीटीआर चुकीचा असेल तर तिकीट भलत्याच नावाने मागितलं जातं आणि लॉगिन फसतं.

सार्वजनिक पत्ता असेल तर

इथे तुमचा अधिकार संपतो. इन-ॲडर.आर्पाचं झाड आयाना (इंटरनेटच्या पत्त्यांची मूळ संस्था) पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांकडे सोपवते, त्या इंटरनेट पुरवठादारांकडे, आणि बहुतेक वेळा फांदी तिथेच थांबते. डोमेन विकत घेतलेल्या कंपनीच्या पॅनेलमध्ये पीटीआर टाकून उपयोग नाही. जगातलं कुणीही तिथे विचारायला येत नाही. पत्ता ज्याने दिला त्याला, म्हणजे पुरवठादाराला किंवा क्लाउड कंपनीला, सांगावं लागतं.

मेल सर्व्हरला हे टाळता येत नाही. मेल घेणारे सर्व्हर पत्त्यावरून नाव काढतात, त्या नावाचा ए रेकॉर्ड बघतात आणि फिरून तोच पत्ता येतो का ते पडताळतात. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेल्या अटींत वैध फॉरवर्ड आणि रिव्हर्स नोंदी आहेतच. म्हणून मेल.एक्झाम्पल.कॉम हे नाव पीटीआरमध्ये, ए रेकॉर्डमध्ये आणि सर्व्हर हेलोत (मेल देताना स्वतःची ओळख सांगताना) सांगतो त्यात, तिन्हीकडे एकच ठेवा. पीटीआर सीनेमकडे (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीकडे) नेऊ नका. एका पत्त्यावर पन्नास वेबसाइट असल्या तरी पीटीआर एकच, मशीनच्या नावाचा. आणि नुसत्या पीटीआरवर विसंबून कुणाला आत घेऊ नका: पत्त्याचा मालक त्यात काहीही लिहू शकतो, तुमच्या डोमेनचं नावसुद्धा.

पुरवठादाराने पूर्ण २४ दिला तर झोन तुमच्याकडे सोपवता येतो. त्याहून लहान तुकडा असेल, समजा १९२.०.२.६४ पासून १२७ पर्यंतचे ६४ पत्ते, तर टिंबाच्या मध्येच तोडायचं कसं? १९९८ च्या आरएफसी २३१७ ने यावर युक्ती दिली. पुरवठादार आपल्या झोनमध्ये ६४-१२७ नावाची फांदी करून ती तुमच्या सर्व्हरकडे सोपवतो, आणि ६५, ६६ अशा प्रत्येक पत्त्यासाठी त्या फांदीकडे बोट दाखवणारा सीनेम टाकतो. तुम्ही मग ६४-१२७.२.०.१९२.इन-ॲडर.आर्पा या झोनमध्ये पीटीआर लिहायचे. नावात वजाऐवजी तिरकी रेघ, म्हणजे ६४/२६, हीसुद्धा चालते, पण तेच नाव झोन फाइलला दिलं तर ती रेघ डिरेक्टरी समजली जाते. झोनचं नाव पुरवठादाराला अक्षरशः विचारून घ्या. तुमचं आणि त्याचं एका चिन्हाने वेगळं असलं तरी काही चालत नाही. आठ-दहा पत्ते असतील तर हा खटाटोप सोडा, पुरवठादाराकडूनच पीटीआर टाकून घ्या.

आयपीव्ही६

तत्त्व तेच, फक्त टिंब दर हेक्स अंकाला. पूर्ण पत्ता ३२ अंकांचा होतो, आणि झोन आयपी६.आर्पाखाली राहतो. २००१:डीबी८:१ या ४८ बिटांच्या तुकड्यासाठी आधी गाळलेली शून्यं भरून घ्या: २००१, ०डीबी८, ०००१. मग शेवटून एकेक अंक: १.०.०.०.८.बी.डी.०.१.०.०.२.आयपी६.आर्पा. मोजून बारा अंक आले पाहिजेत, कारण ४८ भागिले ४ बारा. ६४ बिटांच्या झोनला सोळा. गाळलेलं शून्य भरायचं राहिलं की मोजणी चुकते, म्हणून अंक मोजणं हीच खरी तपासणी. इथे दर चार बिटांना तोडता येत असल्याने २३१७ च्या कसरतीची गरज पडत नाही.

एका ६४ च्या नेटवर्कमध्ये इतके पत्ते असतात की $जनरेटने ते भरण्याचा विचारही करू नये, आणि लॅपटॉप-फोन तर गोपनीयतेसाठी आपला पत्ता स्वतःच बदलत राहतात. पीटीआर द्या ते फक्त स्थिर पत्ता असलेल्या सर्व्हरांना आणि राउटरांना. बत्तीस अंक हाताने उलटे लिहू नका: बाइंडसोबत येणाऱ्या आर्पानेमला पत्ता दिला की तो पूर्ण नाव छापतो, ते तसंच उचलून शेवटी टिंब देऊन फाइलमध्ये ठेवा.